औषधाला न जुमानणारा टीबी : दोष कुणाचा?

तायांनो, आपल्या गावांतल्या कितीतरी घरांतलं एक तरी माणूस करी रोड, लालबाग, परळच्या चाळीत राहतं. दहा बाय बाराची खोली, त्यात गाववाले सहा-सात जण. गणपतीला माणूस घरी येतं, कधीकधी खोकलाही सोबत येतो.

टीबीच्या नेहमीच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत, की आपण लगेच म्हणतो, "हिनेच गोळ्या अर्ध्यावर सोडल्या असणार." आणि सून असेल तर तिची रवानगी माहेरी! गोळ्या सोडल्याने जंतू निर्ढावतो हे खरंच आहे. पण मुंबई आणि आसपासच्या दीड हजारांहून जास्त टीबी जंतूंचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की निर्ढावलेला जंतूच एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरतोय. म्हणजे जिने आयुष्यात टीबीची एकही गोळी घेतली नाही, तिलाही पहिल्याच दिवशी असा टीबी होऊ शकतो.

हे कळलं कसं? आपल्या गटाची वही आठवा. पाच जणींच्या वहीत एकाच ओळीला ३५० चे ५३० झाले असतील, तर तुम्ही काय म्हणाल? एकीचं बघून दुसरीने उतरवलं! जंतूच्या आतही अशीच वही असते, टीबीच्या जंतूची सुमारे ४४ लाख अक्षरांची. जंतू वाढताना तिची नक्कल होते, नकलेत चुका होतात. काही चुकांमुळे औषध चालेनासं होतं. दोन रुग्णांच्या जंतूंत त्याच जागी त्याच चुका सापडल्या, की लागण कुठून कुठे गेली याचा माग लागतो. याला जनुकीय वाचन म्हणतात.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. निर्ढावलेल्या टीबीवर वापरायच्या लिवोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या औषधांनाही बरेच जंतू दाद देत नव्हते. जुलाबासाठी मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो ती ऑफ्लॉक्सासिनची गोळी त्याच जातीची, बरं का.

पूर्ण वाचन मोठ्या प्रयोगशाळेत होतं. त्या वहीतलं एखादं पान वाचणारी तपासणी मात्र सरकारी दवाखान्यात मोफत आहे : सीबीनॅट किंवा गोव्यात बनलेलं ट्रूनॅट. रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, ते काही तासांत कळतं. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर आशाताईंना सांगा आणि याच तपासणीचं नाव घ्या. डबीत नुसती थुंकी नको. सकाळी छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. घरातल्या बाकीच्यांनाही तपासून घ्या.

उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १००० रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते). मुंबईत उपचार चालू असलेलं माणूस गावी येणार असेल, तर निघण्याआधी तिथल्या केंद्रात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव सांगायला लावा. निक्षय क्रमांकावरून नोंद इकडे वळवता येते. प्रवासात पुरतील इतक्या गोळ्याही तिथूनच घ्यायला सांगा.