डोळ्यांनी पाहिलेला नारळ

नारळ उभा राहिला, हे खरे आहे. कडा गावाजवळच्या शेतात जमिनीतले पाणी शोधणारा पाणाड्या चालत असताना त्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ हळूच उभा झाला. प्रस्तुत लेखकाने ते स्वतः पाहिले. शेजारच्या बांधाला याच माणसाने दाखवलेल्या जागी दोन इंच पाणी लागले होते, तेही पाहिलेले. आणखी कोणता पुरावा हवा होता?

बोअरची गाडी रात्री आली. २०० फुटांवर धुरळा, ३०० वर धुरळा. ‘झरा जवळच आहे, अजून शंभर घ्या,’ असे पाणाड्या फोनवर सांगत राहिला. ४१० फुटांवर पैसे संपले. महिन्याने भेटला तेव्हा म्हणाला, ‘गाडीवाल्यानं जागा हातभर चुकवली.’ दिलगिरी नाही, फी परत करण्याचा तर विषयच नाही.

खरी चपराक बसली कांद्याच्या आडतीवर. पट्टीची वाट बघणाऱ्या पाच जणांत विषय निघाला, तर त्याच पाणाड्याचे तीन बोअर कोरडे! पाणी लागले की पेढे वाटतात. कोरडा गेला की तोंडावर बोट ठेवून माणूस गप्प बसतो. वर्षभर गप्प बसलेल्यांत लेखकही होताच.

पाणाड्यांचे लागले-चुकले मोजूनही पाहिलेले आहे. १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळच्या एका कोठारात ४३ निवडक पाणाड्यांची परीक्षा झाली. खाली पाण्याचा पाइप सरकवायचा, वरच्या मजल्यावरून त्यांनी जागा सांगायची; असे ८४३ प्रयत्न झाले. काहींना खरेच कळते, असा संशोधकांचा दावा होता. १९९९ मध्ये शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तेच आकडे तपासले, तेव्हा योगायोगापलीकडे काही उरले नाही.

आपल्याकडचा काळा पाषाण थरांचा आहे. पाणी मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात असते. खोल गेले म्हणून वाढत नाही. २००९ चा महाराष्ट्राचा भूजल कायदाही ६० मीटरपलीकडच्या खोल विहिरींवर निर्बंध घालतो. लेखकाने तो वाचला नंतर.

तेव्हा पाणाड्याचे किती लागले, हे विचारू नका. किती कोरडे गेले, ते विचारा, आणि तेही त्याला नव्हे, गाडीवाल्याला. किती फुटांवर थांबायचे ते दिवसा, घरात बसून ठरवा. फी पाणी लागल्यावरच द्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे चौकशी करा; हमी तिथेही नाही. घाई करू नका. घरची मंडळी नको म्हणत असतील, तर ऐका.

आणि आष्टी-कडा भागात ज्यांचे कोरडे गेले, त्यांनी आता तरी बोलावे. लेखकाचा बोअर: ४१० फूट, कोरडा.