दसऱ्याची गाडीधुणी आणि तुमची कंबर

दसरा जवळ आला की मूल शहरात आणि आसपासच्या गावांत अंगणाअंगणात मोटारसायकली धुवायला निघतात. पावसाळाभर बांधीच्या वाटेनं आणि नहरीच्या पाळीवरून फिरलेल्या गाडीच्या मडगार्डात चिखल वाळून घट्ट बसलेला असतो, चेनवर गंज चढलेला असतो. पूजेआधी गाडी लख्ख व्हावी असं वाटणं साहजिक आहे. पण याच दिवसांत कंबर धरून किंवा बोटाला फडकं गुंडाळून माणसं दवाखान्यात येतात. ही दोन्ही दुखणी टाळता येतात, म्हणून आजचा सल्ला त्यासाठी.

आधी वजनाचं बोलू. स्प्लेंडरसारखी हलकी गाडीसुद्धा पेट्रोलसह सुमारे ११२ किलो भरते, बुलेट १९० किलोच्या पुढे जाते. आता दुसरा आकडा बघा. अमेरिकेच्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेनं १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात, सगळी परिस्थिती अगदी अनुकूल असताना माणसानं हातानं उचलायच्या ओझ्याची शिफारस केलेली मर्यादा फक्त २३ किलो आहे. ओझं शरीरापासून लांब असेल, कंबर पिळली जात असेल, तर ती आणखी खाली येते. मागचं कॅरिअर धरून, वाकून, एका अंगाला वळून गाडी हिसडा मारून वर ओढताना हे दोन्ही एकदमच घडतं. मणक्यांमधल्या गादीवर त्या क्षणी जो दाब येतो, त्यानं तिचं बाहेरचं वेष्टण फाटू शकतं. मग आतला मऊ भाग बाहेर सरकतो, पायाकडे जाणारी शीर दाबतो आणि कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जाते.

म्हणून गाडी हातानं उचलायचीच नाही. डबल स्टँड ही तरफ आहे, ती पायानं दाबायची असते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडल सरळ करा आणि डाव्या बाजूला उभे राहा. साइड स्टँड उघडाच असू द्या, म्हणजे गाडी तुमच्याकडे कलली तरी तो तिला धरेल. डावा हात हँडलच्या मुठीवर, उजवा मागच्या कॅरिअरच्या दांडीवर. उजव्या पायानं स्टँड खाली दाबा आणि गाडी किंचित इकडेतिकडे हलवून बघा. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले की पायाखाली ते कळतं. ते कळेपर्यंत जोर लावू नका, कारण एकच पाय टेकलेला असताना जोर लावला की गाडी पलीकडे जाते. दोन्ही टेकले की पाठ ताठ ठेवून अंगाचं सगळं वजन त्या उजव्या पायावर टाका, जणू पायरी चढताय. गाडी आपोआप मागे सरकत वर बसते. हाताचं काम फक्त तिला सांभाळण्याचं. श्वास रोखून कुंथू नका. पोटातला दाब वाढतो, आणि ज्यांना आधीच हर्नियाचा त्रास आहे त्यांचं आतडं खाली उतरू शकतं.

एक साधी युक्ती हवीच. मागचं चाक दीड-दोन सेंटीमीटर जाडीच्या फळीवर चढवा आणि स्टँडचे पाय मात्र खालच्या फरशीवरच टेकू द्या. चढ तेवढा कमी होतो आणि जोर निम्मा लागल्यासारखं वाटतं. ओल्या मातीच्या किंवा शेणानं सारवलेल्या अंगणात स्टँड रुततो, गाडी मधेच कलंडते. तिथं स्टँडखाली रुंद, घट्ट पाट ठेवा आणि चाकाखालची फळी त्याहून जाड घ्या. पायात चप्पल नको, बंद बूट हवा. सुटलेला स्टँड नडगीवर आणि अंगठ्यावर जोरात आदळतो.

वेळही बघा. रात्रभर पडून राहिल्यानं मणक्यांच्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकून जोर करणं त्यांना सर्वात महागात पडतं. पहाटे उठून लगेच गाडीला हात घालण्याची घाई कशाला? चहा घ्या, चार पावलं चाला, मग लागा. दिवसभर धान कापणीत वाकून आलेल्या माणसानंही संध्याकाळी हे काम करू नये, त्याच्या कंबरेचे स्नायू थकलेले असतात. गरोदर बाई, नुकतं पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस, कंबरेची जुनी तक्रार असलेले आजोबा यांनी शेजारच्या पोराला हाक मारावी.

गाडी पडलीच तर आधी चावी बंद करा आणि पेट्रोलचा कॉक असेल तर तोही. पेट्रोल सांडलं असेल तर जवळ बिडी नको. सायलेन्सर गरम असेल तर थांबा. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवा, गिअर टाका, मग सीटला पाठ टेकून खाली बसा आणि पायांच्या जोरावर लहान पावलं मागे टाकत उठा. सुरुवातीचा भार धानाच्या भरल्या कट्ट्याहून जड असतो, म्हणून दुसरा माणूस मिळत असेल तर बोलवाच.

आता चेनबद्दल, कारण माझ्या मते खरा धोका इथंच आहे. गाडी डबल स्टँडवर घेऊन, इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनवर फडकं धरायची सवय अनेकांना आहे. चेन झटपट पुसली जाते हे खरं. पण फडक्याचा एक धागा दात्यांत अडकला की फडकं आत ओढलं जातं, आणि फडक्याबरोबर बोट. हात मागे घ्यायला तेवढा वेळच मिळत नाही. दाते बोट चिरडून तोडतात, त्यामुळे ते पुन्हा जोडणं सुरीनं कापलेल्या बोटापेक्षा कितीतरी अवघड होतं. इंजिन बंद, चावी खिशात, चाक हातानं मागच्या दिशेला फिरवायचं आणि ब्रश खालच्या बाजूला, दात्यांपासून लांब धरायचा. लहान मुलांना फिरतं चाक फार आवडतं, त्यांना त्या अंगणात येऊ देऊ नका. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या सीटखाली हात घालण्याआधी टॉर्च मारा. आपल्या भागात तिथं विंचूही बसतो, सापही.

बोट तुटलंच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा. हळद, चहापत्ती, ग्रीस काही लावू नका. तुटलेला तुकडा स्वच्छ पाण्यानं हलकेच धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, कोरड्या पॉलिथिनमध्ये घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ तुकड्याला थेट लागू देऊ नका. मूलहून चंद्रपूर सुमारे ४५ किलोमीटर आहे, आणि बारीक रक्तवाहिन्या जोडण्यासाठी बहुधा नागपूरच गाठावं लागतं. म्हणून १०८ ला लगेच फोन करा. धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्यायचं आहे.

कंबरेत उसण भरली असेल तर काय? पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा रिवाज आपल्याकडे आहे. नुसता स्पर्श असेल तर माझी हरकत नाही, पण पाठीवर लाथ, जोरात चोळणं, कंबर हिसडून बसवणं होऊ देऊ नका. शेक घ्या, एक-दोन दिवस जड काम थांबवा, पण अंथरुणाला खिळून राहू नका, घरातल्या घरात चालत राहा. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत कमी होतं. मात्र पायाचा चवडा उचलता येत नसेल, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली असेल, किंवा बसायच्या जागेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला असेल, तर ती शिरांवरच्या मोठ्या दाबाची खूण आहे. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात जा.