माळढोक वाचवायला वकीलही लागतो

दहावी-बारावीचे निकाल लागले की समुपदेशनासाठी येणाऱ्या कुटुंबांकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो. मुलगी म्हणते, मला हवामानबदलावर काम करायचंय. मुलगा म्हणतो, मला वन्यजीव वाचवायचेत. आईवडिलांना कौतुकही वाटतं आणि पोटात गोळाही येतो. ‘याचा कोर्स कोणता? आणि त्यावर घर चालेल का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण कोर्स शोधण्याआधी काम बघायला हवं. या क्षेत्रात नेमकं कोण काय करतं हे माहीत नसताना घेतलेला प्रवेश पुढे मुलांना अडकवून ठेवतो. म्हणून इथे एकाच पक्ष्याचं उदाहरण जरा सविस्तर पाहू.

माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये या पक्ष्यासाठी जाहीर झालं. आज तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. देशभरात मिळून जेमतेम दीडशे उरले असावेत, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या परिसरात आहेत. नर पंधरा किलोंपर्यंत भरतो. मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर, जमिनीवर. शिकारीने आणि माळरानं नांगराखाली गेल्याने हा पक्षी आधीच कमी झाला होता. त्यात भर पडली विजेच्या तारांची. माळढोकाला बाजूचं चांगलं दिसतं, पण नाकासमोरचं फारसं दिसत नाही. तार लक्षात येते तेव्हा एवढं जड शरीर वळवायला वेळ उरलेला नसतो.

या तारा तिथे आल्या कशासाठी? जैसलमेरच्या वाळवंटात ऊन आणि वारा भरपूर. म्हणून तिथे सौर आणि पवन ऊर्जेचे मोठे प्रकल्प उभे राहिले. कोळसा कमी जाळावा लागावा, तापमानवाढीला आवर बसावा, यासाठीच हे प्रकल्प आहेत. म्हणजे हवामानासाठी उभारलेल्या कामाच्या तारांवर एका पक्ष्याचा वंश संपत चालला. दोन्ही कामं गरजेची आहेत, आणि एकाला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटत नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जडणघडणीत सहभागी असलेले निवृत्त सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह हा विषय सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेले. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने माळढोकाच्या अधिवासातल्या तारा शक्य तिथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. त्यात सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र येत होतं. एवढ्या क्षेत्रात उच्च दाबाच्या वाहिन्या भूमिगत करणं व्यवहार्य नाही, असं केंद्र सरकारचं म्हणणं पडलं. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मधून मिळतो, असंही न्यायालयाने मान्य केलं.

दुसरीकडे २०१९ पासून वाळवंट राष्ट्रीय उद्यानातून माळढोकाची अंडी गोळा करून ती जैसलमेरजवळच्या सम इथल्या केंद्रात उबवली जात होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये रामदेवरा केंद्रातल्या नराचं वीर्य समच्या मादीसाठी वापरून कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्माला आलं. भारतीय वन्यजीव संस्था, राजस्थानचं वन खातं आणि अबूधाबीची हुबारा पक्ष्यांवर काम करणारी संस्था यांचे कित्येक वर्षांचे कष्ट त्यामागे आहेत.

आता या सगळ्यात कोणाकोणाची गरज लागली ते मोजा. पक्षी मोजणारे जीवशास्त्रज्ञ, आणि त्या मोजणीला अर्थ देणारे संख्याशास्त्रज्ञ. कृत्रिम रेतन करणारे पशुवैद्य. कोणती वाहिनी जमिनीखाली नेता येईल आणि कोणत्या तारेवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावाव्या लागतील, हे सांगणारे विद्युत अभियंते. माळढोकांची वावरण्याची ठिकाणं आणि तारांचं जाळं एकाच नकाशावर मांडणारे. न्यायालयात बाजू मांडणारे वकील. माळावर गुरं-मेंढ्या चारणाऱ्यांशी बसून बोलू शकणारे, त्यांचा विश्वास कमावणारे कार्यकर्ते. आणि उन्हातान्हात त्या माळावर गस्त घालणारे वनरक्षक.

या यादीतली सगळी माणसं एकमेकांची भाषा समजतात का? अनेकदा नाही. पक्ष्यांच्या जाणकाराला ग्रिड कळत नाही आणि ग्रिडवाल्याला पक्षी दिसत नाही. दोन्ही समजणारी माणसं फार थोडी आहेत, आणि यापुढे प्रत्येक सौर प्रकल्पाला, प्रत्येक महामार्गाला, प्रत्येक बंदराला ती लागणार आहेत. म्हणून माझं सांगणं एवढंच असतं: आधी एक कौशल्य पक्कं हातात घ्या, त्याला निसर्गाची जोड द्या. नुसत्या प्राणिप्रेमावर या क्षेत्रात फार काळ टिकता येत नाही.

थेट जंगलातच जायचं असेल तर

काही मुलांना मात्र दुसरं काही नकोच असतं. त्यांच्यासाठीही वाटा स्पष्ट आहेत.

सरकारी सेवेत सर्वांत वर भारतीय वनसेवा. परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोगाची, आणि पूर्वपरीक्षा नागरी सेवांबरोबर एकच. विज्ञानातले ठरावीक विषय, कृषी, वनशास्त्र, पशुवैद्यक किंवा अभियांत्रिकी यांपैकी पदवी लागते. अलीकडच्या वर्षांत साधारण दीडशे जागा निघत आहेत. सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये. प्रशिक्षण डेहराडूनला. राज्यात सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल ही पदं महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. वनरक्षकाच्या भरतीला बारावी चालते. मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून, आणि धावण्याची चाचणी पुरुषांना ५ किलोमीटर, महिलांना ३ किलोमीटर. या पदाकडे शहरी पालक वळूनही बघत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. महाराष्ट्रात वाघांची संख्या वाढली (२०२२ च्या गणनेत ती ४४४ होती), त्यामागे नियतक्षेत्रात रोज पायी फिरणाऱ्या या मुलामुलींचा वाटा फार मोठा आहे.

वनशास्त्राची चार वर्षांची पदवी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख आणि दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कृषी विद्यापीठांत घेता येते. पशुवैद्यकासाठी ‘नीट’ द्यावी लागते. नागपूरचं महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ हे आपल्याकडचं मुख्य ठिकाण. वन्यजीवांचे पशुवैद्य देशात हवे त्याहून बरेच कमी आहेत. आणि समजा वन्यजीवांत काम मिळालं नाही, तरी पशुवैद्याचं काही अडत नाही. घाबरलेल्या पालकांना मी ही वाट आधी दाखवतो ती त्यामुळेच.

संशोधनात जायचं असेल तर दोन नावं मुलाच्या तोंडी असायला हवीत. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, स्थापना १९८२. आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र. तिथला वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धनाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुला राहिला आहे. त्यामुळे अभियंते आणि साहित्याचे विद्यार्थीही तिथे पोहोचले. दोन्हीकडे जागा मोजक्या असतात आणि प्रवेश दरवर्षी निघेलच असं नाही, म्हणून संकेतस्थळावर वेळेत लक्ष ठेवावं लागतं. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून काम करते. तिच्या शिबिरांतून आणि अभ्यासक्रमांतून अनेकांना या कामाची पहिली गोडी लागली.

हवामानाचं काम गावातही आहे

हवामानबदल म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर ध्रुवप्रदेशातला बर्फ येतो. खरं काम त्याहून बरंच जवळ आहे. कोकणात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, त्याला आता वीसहून अधिक वर्षं झाली. कासवाच्या पिल्लाचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू फार तापली तर माद्याच जास्त जन्मतात, त्याहून तापली तर अंडीच खराब होतात. म्हणजे किनाऱ्यावरच्या घरट्यात तापमापक ठेवून रोज नोंद करणारा गावातला तरुण हवामानबदलाचाच अभ्यास करत असतो. पिल्लं समुद्रात जाताना बघायला पर्यटक येतात, घरोघरी त्यांची राहण्या-जेवणाची सोय होते, आणि दोन पैसे गावात राहतात. राज्याच्या वन खात्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला. सागरी जीवशास्त्र, मत्स्यविज्ञान शिकलेल्यांना तिथे कामं निघत असतात.

ज्यांचा ओढा तंत्राकडे आहे त्यांच्यासाठी ऊर्जेचं क्षेत्र मोठं आहे. पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याचं उद्दिष्ट आहे. ती बसवायला आणि सांभाळायला आयटीआयचा वीजतंत्रीच लागतो. अभियंत्यांना ऊर्जा लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षा देता येते. कारखान्यात वीज कुठे वाया जाते हे शोधून दाखवण्याचं हे काम आहे. वाणिज्य शाखेची मुलंही बाहेर नाहीत. शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना पर्यावरणविषयक अहवाल देणं ‘सेबी’ने २०२२-२३ पासून बंधनकारक केलं आहे, आणि तो आकड्यांचा अहवाल कोणीतरी प्रामाणिकपणे लिहायला हवा. भौतिकशास्त्र-गणितात रमणाऱ्यांना पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. पुण्यातच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ आहे. कायदा शिकणाऱ्या मुलामुलींनी तिथलं कामकाज समजून घ्यायला सुरुवात करावी.

पैशाचं आणि सुरक्षिततेचं

पालकहो, इथे गोड बोलून उपयोग नाही. सरकारी पद मिळालं तर स्थैर्य आहे, पण स्पर्धा कठीण आहे. संशोधन प्रकल्पात नेट किंवा गेट झालेल्या कनिष्ठ संशोधकाला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे मिळतं, मात्र प्रकल्प संपला की नेमणूकही संपते. सामाजिक संस्थांत सुरुवातीचा पगार बहुधा कमीच असतो आणि तो देणगीवर अवलंबून असतो. पदवीनंतरची पहिली काही वर्षं घरच्यांचा आधार लागू शकतो, हे आजच गृहीत धरा. शिक्षणासाठी मोठं कर्ज काढून या क्षेत्रात उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हप्त्यांच्या दडपणाखाली मुलं पहिल्या-दुसऱ्या वर्षातच क्षेत्र सोडतात.

मुलीला एकटीला रानात कसं पाठवायचं, ही काळजी अनेक आया बोलून दाखवतात आणि ती खोटी नाही. तिला अडवण्यापेक्षा संस्थेला प्रश्न विचारा. राहण्याची सोय कुठे? क्षेत्रावर सोबत कोण असतं? वाहन आहे का? विमा कोण उतरवतं? तक्रार करायची तर कोणाकडे? चांगल्या संस्थांकडे याची उत्तरं तयार असतात. जी संस्था या प्रश्नांनी चिडते, तिथे मुलालाही पाठवू नका. हजारो रुपये घेऊन आठवडाभरात ‘वन्यजीव तज्ज्ञ’ असं प्रमाणपत्र देणाऱ्यांपासूनही लांब राहा. निवड समितीपुढे त्या कागदाला काही किंमत नसते.

या वर्षी काय करता येईल

हे विद्यार्थ्यांसाठी. एक वही घे आणि घराजवळची एकच जागा वर्षभर बघ. तळं, ओढा, टेकडी, नाहीतर कॉलेजचं आवार. तारीख, वेळ, काय दिसलं, किती दिसलं. पक्ष्यांच्या नोंदी ‘ई-बर्ड’वर टाक. फेब्रुवारीत जगभर परसातल्या पक्ष्यांची गणना होते, त्यात भाग घे. ‘क्यूजीआयएस’ हे नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आपल्या गावातल्या विहिरी, देवराई, पडीक माळ यांचा एक तरी नकाशा त्यावर स्वतः कर. तुझ्या ग्रामपंचायतीत २००२ च्या कायद्याखालची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. लोकजैवविविधता नोंदवही कुठे आहे ते जाऊन विचार, आणि ती अपुरी असेल तर भरायला मदत कर. बुद्धपौर्णिमेला आपल्या व्याघ्र प्रकल्पांमध्ये मचाणावरून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची नोंद होते. अटी बघून अर्ज कर. रात्रभर बसून एखादं रानडुक्करच दिसलं आणि तरी कंटाळा आला नाही, तर या कामाचा मोठा भाग तुला झेपेल. वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसायला झालं, तर छायाचित्रणाचा छंद जोपासावा आणि उपजीविका दुसरी शोधावी. त्यात काहीच कमीपणा नाही.

आणि अकरावीचा अर्ज भरताना एक गोष्ट करा. जीवशास्त्र घ्या, पण गणित सोडू नका. प्राण्यांचं प्रेम आहे म्हणून गणिताला सुट्टी देणारी मुलं पुढे संख्याशास्त्रापाशी अडतात, आणि आजचं सगळं संवर्धन-संशोधन त्याच्यावर उभं आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित हे चारही विषय ठेवले तर वनशास्त्र, पशुवैद्यक, अभियांत्रिकी आणि शुद्ध विज्ञान हे चारही दरवाजे बारावीपर्यंत उघडे राहतात, आणि निर्णय घ्यायला मुलाच्या हाती आणखी दोन वर्षं येतात.