विंचूदंशात हातपाय गार का पडतात?

आमच्या भागात रुग्णवाहिकेवर काम शिकणारी काही मुले अधूनमधून दवाखान्यात शंका घेऊन येतात. औषधाचे नाव व मात्रा त्यांना पाठ असते. पण ते शरीरात नेमके काय करते, असे विचारले की एकमेकांकडे पाहतात. त्यांच्यासाठी घेतलेला विंचूदंशाचा पाठ या आठवड्यात देत आहे. इतर वाचकांनीही तो जरूर वाचावा, कारण विंचू डसतो तेव्हा जवळ घरचीच माणसे असतात.

प्रथम विंचवाची ओळख. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिचे विष त्या मानाने सौम्य. खरी भीती बाळगावी ती लहानशा लाल विंचवाची. कोकणात तो कौलात, लाकडांच्या ढिगात, दगडांच्या फटीत, कधी चपलेतही सापडतो.

आपल्या मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमचे कण आत येण्यासाठी सूक्ष्म दारे असतात. संदेश जाताना ती क्षणभर उघडतात व लगेच मिटतात. लाल विंचवाचे विष ही दारे नीट मिटू देत नाही. त्यामुळे स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे आपल्या इच्छेविना हृदय, रक्तवाहिन्या व ग्रंथी चालविणारी यंत्रणा, एकसारखी पेटलेली राहते.

याच्या दोन लाटा येतात. पहिलीत उलट्या, दरदरून घाम व तोंडाला लाळ. मुलग्यांत व पुरुषांत लिंगाला ताठरपणा येतो. हे लक्षण आई सांगायला संकोचते, म्हणून आपणच कपडे काढून पाहावे. विष अंगात भिनल्याची ती लवकर मिळणारी खूण आहे. दुसऱ्या लाटेत अॅड्रेनॅलिन व नॉरअॅड्रेनॅलिन यांचा पूर येतो. हे पदार्थ रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरील ‘अल्फा’ ग्राहकांना चिकटतात आणि वाहिन्या आवळल्या जातात. हातापायांचे रक्त आटते, ते बर्फासारखे गार लागतात, रक्तदाब चढतो, नाडी धावू लागते.

विहिरीवरचा पंप चालू असताना पाइप कोणी पायाखाली दाबून धरला, तर पंपाचे काय होईल? हृदयाचे तेच होते. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता ते थकते, रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि तेथे पाणी होते. मग खोकला, धाप व शेवटी गुलाबी फेस. विंचवाने माणूस दगावतो तो बहुधा या मार्गाने.

यावरचा उपाय आपल्याच महाराष्ट्रात सापडला, हे मुलांना मी आवर्जून सांगतो. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण उशाशी बसून तपासले व १९८२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात धोक्याची पूर्वलक्षणे मांडली. १९८६ साली त्याच नियतकालिकात त्यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह प्राझोसिनचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यापूर्वी गंभीर विषबाधा झालेल्यांपैकी २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ साली डॉ. हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन हे मुळात रक्तदाबाचे, साधे, स्वस्त औषध. ते अल्फा ग्राहकांवर स्वतः जाऊन बसते, त्यामुळे नॉरअॅड्रेनॅलिनला जागा राहत नाही. वाहिन्या सैल पडतात, म्हणजे पाइपवरचा पाय निघतो. मात्रा वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, तोंडावाटे. हातपाय उबदार व कोरडे होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. हे अर्थात डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. गोळी साधी हवी, हळूहळू विरघळणारी नको. पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला एकदम उठवून बसवू नये. सैल झालेल्या वाहिन्यांमुळे रक्तदाब धाडकन उतरतो व भोवळ येते. मूल आहे म्हणून आई पटकन कडेवर उचलते, तिला आधीच समजावून ठेवा.

आता काय देऊ नये ते. घाम पाहून अॅट्रोपिन टोचण्याचा मोह होतो. त्याने घाम आटेल, पण आधीच धावणारे हृदय आणखी धावेल. नाडी जलद म्हणून प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटारोधक दिले, तर हृदयाचा जोर कमी होईल आणि वाहिन्या मात्र आवळलेल्याच राहतील. स्टिरॉइड व अॅलर्जीची इंजेक्शने यांचा येथे उपयोग नाही. आणि ‘डॉक्टर, आधी सलाईन लावा’ हा नातेवाइकांचा ठरलेला आग्रह! गार पडलेल्या रुग्णाची अडचण मुख्यतः आवळलेल्या वाहिन्यांची आहे. उलट्या व घामाने पाणी गेलेले असते, ते उलटी थांबल्यावर तोंडाने भरून काढावे. फुप्फुसात पाणी होत असताना बाटलीमागून बाटली चढविणे म्हणजे बुडत्याच्या तोंडात पाणी ओतणे होय.

विंचवाची प्रतिविष लसही आहे. ती रक्तात फिरणारे विष निकामी करते. प्राझोसिन त्या विषाने उठविलेले वादळ शमवते. दोघांचे काम निराळे. महाडच्याच ७० रुग्णांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसते प्राझोसिन मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. म्हणून लस मिळेल तेथे रुग्ण न्यावाच, पण लस शोधत फिरताना गोळीला उशीर करू नये.

एक गोष्ट घरच्यांना फसवते. जो ठणक्याने गडाबडा लोळतो, पण ज्याचे हातपाय उबदार आहेत, तो बहुधा सुखरूप असतो. त्याला वेदनाशामक किंवा दंशाच्या जागी भूल पुरते. मांत्रिकाच्या उताऱ्याला यश येते ते अशाच रुग्णांत. ज्याला दुखत फारसे नाही, पण घामाने कपडे भिजले आहेत, तळवे गार आहेत आणि एकदोन उलट्या झाल्या आहेत, त्याला ‘झोपू दे आता’ म्हणून घरी ठेवू नका. त्याला १०८ च्या गाडीत घाला. गाडीवरच्या मुलांनी दर अर्ध्या तासाने नाडी, रक्तदाब व श्वास मोजावा, तळव्यांना हात लावून पाहावा आणि दंशाची व गोळीची वेळ चिठ्ठीवर लिहून पुढच्या डॉक्टरांच्या हाती द्यावी.