मुखवट्याचा प्रकाश आणि गालावरील वांग

प्रश्न : मी बंगळूरला मल्लेश्वरम येथे राहते. हनुवटीवर मुरुमे व गालांवर वांग आहे. तांबड्या-निळ्या प्रकाशाचा एलईडी मुखवटा घरी वापरावा काय?

उत्तर : प्रकाशचिकित्सा हे थोतांड नव्हे, त्वचेच्या क्षयावर तिचा इलाज सिद्ध केल्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना 1903 साली नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे 415 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश मुरुमांतील जंतूंनी निर्माण केलेल्या पॉर्फिरिन द्रव्यांवर पडला, की त्यातून उद्भवणारा क्रियाशील प्राणवायू त्या जंतूंचाच नाश करतो, आणि 630 च्या आसपासचा तांबडा प्रकाश दाह शमवितो. परंतु घरगुती उपकरणाची शक्ती दवाखान्यातील यंत्राहून कमी असल्याने काही आठवड्यांची मुदत द्यावीच लागते. जाहिरातीतले दावे निम्मे वजा करून वाचावेत, हे ओघाने आलेच.

तुमची खरी अडचण वांगाची आहे. आपल्या सावळ्या त्वचेत निळा प्रकाश रंगद्रव्य वाढवितो, त्यामुळे मुरुमे जाऊन डाग गडद व्हावेत, असा तोट्याचा सौदा संभवतो. सबब निळा दिवा बंद ठेवून केवळ तांबडा लावण्याची सोय असेल, तरच मुखवटा घ्यावा. डॉक्सिसायक्लिनसारखे औषध चालू असल्यास किंवा दृष्टिपटलाचा विकार असल्यास तोही नको. 2019 साली न्यूट्रोजिनाने आपला मुखवटा नेत्रसुरक्षेच्याच कारणास्तव बाजारातून परत घेतला होता.

सुमारे 900 मीटर उंचीवरच्या बंगळूरची हवा थंड असली, तरी ऊन सौम्य नसते. तेव्हा मुखवट्याचा विचार करण्याआधी लोह ऑक्साइडयुक्त, रंगीत सनस्क्रीन नियमाने लावावे आणि त्वचारोगतज्ज्ञास वांग दाखवून घ्यावे.