दोन तारांवरचा पडदा : 'वरची' पातळी कोण ठरवतो?

सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखवणारा लहान एलसीडी पडदा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत नेहमी आढळतो. तो थेट जोडावयाचा तर किमान सहा संकेत-तारा लागतात. पाठीमागे पीसीएफ ८५७४ या चिपची पट्टी बसविली की दोनच तारांवर काम भागते. एसडीए या तारेवरून माहिती एकेक बिट करून जाते. एससीएल ही तार ठोके देते. फिलिप्स कंपनीने १९८२ साली विकसित केलेली ही आय-टू-सी पद्धत होय. उरलेल्या दोन तारा, व्हीसीसी व ग्राउंड, वीजपुरवठ्याच्या.

जोडणी सोपी दिसते; परंतु या संकेत-तारा 'वर' कोण नेतो, हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे. कोणतीही चिप त्यांना वर ढकलत नाही. चिप तार ग्राउंडकडे खाली ओढते किंवा मोकळी सोडते, एवढेच. मोकळी सुटलेली तार व्हीसीसीशी जोडलेला रोधक वर खेचतो. स्प्रिंगच्या दारासारखेच हे आहे : उघडणारे अनेक, मिटविणारी स्प्रिंग एकच. रोधक ४.७ किलोओहमचा व पुरवठा ५ व्होल्टचा असेल, तर तार खाली असताना त्यातून सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पट्टीवरील रोधक पट्टीच्याच व्हीसीसीला जोडलेले असतात. म्हणून पडद्यास ५ व्होल्ट दिले की संकेत-ताराही ५ व्होल्टपर्यंत चढतात. अर्डुइनो ऊनो ५ व्होल्टवरच चालतो. त्याच्या ए ४ (एसडीए) व ए ५ (एससीएल) टोकांना त्याचे काही वाटत नाही. रास्पबेरी पायची टोके मात्र ३.३ व्होल्टची आहेत. तेथे हीच जोडणी केल्यास प्रोग्रॅम सुरू होण्यापूर्वीच टोकास इजा पोहोचू शकते.

रोधक ३.३ व्होल्टला जोडले तर? टोक वाचते, परंतु ५ व्होल्टवरील पीसीएफ ८५७४ ला 'वर' समजण्यास पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट हवे असतात. म्हणून दोहोंमध्ये पातळी बदलणारे मॉसफेटचे लहान मंडल घालणे हाच खरा उपाय.

पडद्यास वेगळा वीजपुरवठा दिला असेल, तर दोन्हींचे ग्राउंड एकत्र जोडावे. विद्युतदाब नेहमी दोन बिंदूंमध्ये मोजला जातो. समान ग्राउंड नसेल तर 'वर' आणि 'खाली' या शब्दांना अर्थच उरत नाही.

पडदा कोरा राहिल्यास तपासणी या क्रमाने करावी :

१. मीटरने व्हीसीसी व ग्राउंड यांमधील दाब मोजावा.
२. संदेश जात नसताना दोन्ही संकेत-तारांवरील दाब मोजावा. तो 'वर' असला पाहिजे.
३. पट्टीवरील स्क्रू फिरवून अक्षरांचा गडदपणा जुळवावा. केवळ पहिल्या ओळीत भरीव चौकोन दिसले, तर वीज पोहोचली आहे, आज्ञा पोहोचलेल्या नाहीत.
४. पत्ता पाहावा. पत्त्याचे जोड मोकळे असता तो दशमान पद्धतीत पीसीएफ ८५७४ साठी ३९ व ८५७४ए साठी ६३ असतो.

प्रोग्रॅममधील चूक शोधण्यास यानंतरच बसावे. मीटर हाती असताना अंदाजाने तारा बदलीत राहणे हे प्रयोगशाळेचे शास्त्र नव्हे.