आटलेला ओहळ व बुजलेल्या विहिरी

शास्त्रपाठ : १ राजे १७:१-१६, उत्पत्ति २६:१२-२२

एलीया देवाच्या आज्ञेनेच करीथ ओहळापाशी जाऊन राहिला; तरी देशात पाऊस न पडल्यामुळे तो ओहळ आटला. एलीयाने आज्ञा मोडली म्हणून तो आटला नाही. यास्तव ज्याची विहीर आधी कोरडी पडली त्याच्यावर देवाचा कोप झाला, असे मंडळीत कोणी म्हणू नये.

आता बीडजवळील पालीकडे पाहू. बालाघाटच्या डोंगरांतून आलेली बिंदुसरा नदी येथे धरणाने अडविली आहे. पुढे ती बीड शहरातून वाहत सिंदफणेस मिळते, व सिंदफणा गोदावरीस. परंतु हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे पाऊस थोडा व बेभरवशाचा. फाल्गुन-चैत्रात नदीचे पात्र उघडे पडते. काळ्या जमिनीच्या ओलीवर शाळू पिकतो. उसाला ती ओल पुरत नाही. कडबा संपला की जनावरे बाजारात जातात. दिवाळीच्या सुमारास कितीएक कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीस जातात, आणि उपासनेला म्हातारी माणसे व लेकरे तेवढी उरतात.

भूमीखालीही पाण्याचा साठा मोजकाच असतो. आपल्याकडील काळ्या खडकात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात व भेगांत राहते. एकाने खोल विंधन विहिरीतून ते रात्रंदिवस उपसले, तर शेजाऱ्याचा आड कोरडा पडतो. पूर्वजांनी हे पाणी जपून वापरले. बीडजवळची निजामशाही काळातील खजाना विहीर भुयारी मार्गांनी पाणी घेते व तसेच ते शेतांस देते.

इसहाकाने काय केले ते पाहा. पलिष्ट्यांनी मातीने बुजविलेल्या आपल्या बापाच्या विहिरी त्याने पुन्हा उकरल्या. आपणही उन्हाळा नुसता हळहळण्यात घालवू नये. पाणी उतरले म्हणजेच विहिरीतील व तळ्यातील गाळ काढता येतो. आणि तोच गाळ हलक्या रानात पसरला तर जमीन ओल धरते. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली धरणातील गाळ शेतात नेण्याची योजना काढली, तिचे मर्म हेच होय.

पण पाण्याबरोबर भांडणही आले. गरारच्या गुराख्यांनी हक्क सांगितला, तेव्हा इसहाक पुढे गेला व पुन्हा खणू लागला; जेथे तंटा झाला नाही त्या विहिरीला त्याने रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, हे नाव दिले. आपल्या वाडवडिलांस कित्येक गावांत पाणवठ्यावर पाय ठेवू देत नसत. त्या हक्कासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ज्यांना पाणी नाकारले गेले, त्यांनी तरी आपल्या आडावरून कोणास परत पाठवू नये. २०१६ साली लातूर तहानेने व्याकूळ झाले, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आले. इतक्या दुरून पाणी येऊ शकते, तर एका आळीतून दुसऱ्या आळीत का जाऊ नये?

सारफथच्या विधवेजवळ मूठभर पीठ होते, तरी तिने आधी परक्याला दिले. दुष्काळात देवाचा हात बहुधा शेजाऱ्याच्या हातानेच पोहोचतो.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या गावात बुजलेली अशी कोणती विहीर आहे? पावसाआधी तिचा गाळ काढण्यास कोण येईल?
२. ऊसतोडीस गेलेल्यांच्या घरी राहिलेल्या वृद्धांस पाणी कोण आणून देतो?
३. आपल्या आडावर येण्यास कोणी भितो काय?